भविष्यलक्ष्यी विचार, शिक्षक-प्रशिक्षणातील

भविष्यलक्ष्यी विचार, शिक्षक-प्रशिक्षणातील : आजच्या बदलांचा माग काढून पुढे काय काय घडू शकेल, त्यांतले काय घडण्याचा संभव अधिक आणि काय घडावेसे वाटते, याचा शिस्तशीर विचार करण्याची सवय विद्यापीठीय पातळीवर छात्राध्यापकांना लावणे. भाकीत वर्तविणे हा त्याचा हेतू नाही. २०२५ मध्ये तेविसाव्या वर्षी बी.एड. झालेली व्यक्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल ती २०६० मध्ये. तिने अखेरच्या वर्षी शिकविलेली मुले बाविसावे शतक पाहतील.

समाजाच्या मनातल्या भविष्याच्या प्रतिमेवर त्याची वाटचाल अवलंबून असते, हे डच विचारवंत फ्रेड पोलाक यांनी १९५० च्या दशकात मांडले. शिक्षणात हा विषय रुजला तो अमेरिकन लेखक ॲल्विन टॉफलर यांच्या ‘फ्यूचर शॉक’ (१९७०) या पुस्तकानंतर. त्यांनी संपादित केलेला ‘लर्निंग फॉर टुमॉरो’ हा ग्रंथ १९७४ चा. ब्रिटनमध्ये शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड हिक्स यांनी वर्गात वापरता येतील असे उपक्रम तयार केले. युरोपीय आयोगाच्या २०२२ च्या शाश्वतताविषयक क्षमता-आराखड्यात भविष्यसाक्षरतेला, म्हणजे पर्यायी भविष्ये कल्पून पाहण्याच्या क्षमतेला, स्वतंत्र स्थान आहे.

सर्वांत रुळलेले साधन म्हणजे भविष्यचक्र. जेरोम ग्लेन यांनी १९७१ मध्ये ते तयार केले, तेव्हा ते स्वतः अमेरिकेतील अँटिओक या शिक्षणसंस्थेत शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी होते. कागदाच्या मधोमध एक बदल लिहायचा, त्याभोवती थेट परिणाम, त्याबाहेर परिणामांचे परिणाम. महाराष्ट्रातील छात्राध्यापकाने मधोमध ‘कमी पटाची गावातली शाळा बंद’ असे लिहिले, तर पहिल्या वर्तुळात शेजारच्या गावची शाळा, एस.टी.ची वेळ आणि पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंचे गेलेले काम येते. दुसऱ्या वर्तुळात पावसाळ्यातली गैरहजेरी आणि मुलींची गळती. तिसऱ्यात मुलींच्या लग्नाचे वय, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडणारी कुटुंबे. पहिले वर्तुळ सगळ्यांचे सारखेच भरते; खरी चर्चा दुसऱ्यापासून सुरू होते. चांगला प्राध्यापक तिथे एकच प्रश्न धरून बसतो : हे कशावरून? दुसरा उपक्रम पोलाक यांच्या विचारावर बेतलेला आहे. जग सुधारते आहे की बिघडते आहे आणि आपल्या हाती काही आहे की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांनुसार छात्राध्यापक वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभे राहतात आणि आपण तिथेच का, ते सांगतात.

व्यवहारात मात्र या विषयाचे दोन प्रकारे हाल होतात. एकतर भविष्य म्हणजे संगणक आणि यंत्रमानव असे समीकरण बनते; पाणी, शेती, म्हातारपण, भाषा बाजूलाच राहतात. किंवा सगळे एका दिवसाच्या कार्यशाळेत उरकते आणि सोमवारचे पाठटाचण होते तसेच राहते. भूगोलाच्या पाठात धरण शिकविताना ‘पन्नास वर्षांनी हा जलाशय गाळाने भरला तर?’ हा प्रश्न टाचणात आला, तरच प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचले असे म्हणता येते.

मूल्यमापन अवघड आहे, कारण उत्तर बरोबर की चूक हे कळेल तेव्हा ते तपासायला परीक्षक नसेल. म्हणून गुण निष्कर्षाला न देता मांडणीला द्यावे लागतात : गृहीतके उघड केली आहेत का, एकाहून अधिक शक्यता धरल्या आहेत का, आणि त्यांत कोणाचे नुकसान होते ते दाखविले आहे का.