कागद कपाटात ठेवू नये

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'दख्खनचे दंगे' हा धडा दरवर्षी यायचा आणि दोन तासांत संपायचा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव... 'कारणे लिहा, गुण ५'. हा धडा मला खरा कळला तो निवृत्तीनंतर, इथे डोंबिवलीत, एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी.

त्याची नोकरी गेली होती, घराचे हप्ते थकले होते. बँकेची नोटीस येऊन जवळजवळ महिना झालेला, आणि ती त्याने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली. बायकोलाही पत्ता नाही. "सर, लाज वाटते हो," एवढंच म्हणाला.

मला सुपे आठवलं. तिथल्या लोकांनी सावकाराकडे पहिल्यांदा काय मागितलं? कर्जाची खतं! ती मिळाली की भर चौकात जाळली. बहुतेक ठिकाणी हाणामारी झाली ती खतं द्यायला नकार मिळाल्यावरच. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय, हे त्यांना वाचता येत नव्हतं. पण जमीन त्याच कागदापायी जात होती.

याची एक मुळी थेट अमेरिकेत पोचते. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं, गुलामांच्या कष्टाचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला. त्या युद्धाने गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या नशिबीही पुढे हेच आलं. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, धड कर्ज मिळेना. नंतर मिळालं ते महागडं, आणि २००८ च्या सुमारास त्यांची असंख्य घरं जप्तीत गेली.

आपल्याकडे दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसतं खत बघून निकाल न देता मूळ रक्कम किती, व्याज किती, हे कोर्ट तपासू लागलं. हप्ते बांधून मिळू लागले. पुढे सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची पळवाट शोधली, ते वेगळं. पण कागदाला प्रश्न विचारता येतो, हे कायद्याने मान्य केलं.

आम्ही दोघांनी ती नोटीस जेवणाच्या टेबलावर ठेवून शब्दन् शब्द वाचली. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे ६० दिवसांची मुदत होती. तेवढ्यात लेखी हरकत घेता येते, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झालीच तरी ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. म्हणजे महिनाभर हातात होता! त्याच रात्री त्याने बायकोला सांगितलं. ती रडली नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बँकेत गेली. अर्ज केला, थोडी रक्कम भरली, मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. घर राहिलं.

दरवेळी असं जमेलच असं नाही. पण सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आपल्याला येतं. मग आपण कागद का लपवतो? लाजेपायी दिवस मात्र निघून जातात.

असो. तुमच्या घरी एखादं न फोडलेलं पाकीट असेल तर आज फोडा. एकट्याने धीर होत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवा.