आहारमात्रा, शाकाहारी (नृसिंहवाडी व कृष्णाकाठ)

आहारमात्रा, शाकाहारी : धान्य, डाळी, भाज्या, दूध, फळे, दाणे आणि तेल-तूप यांपैकी काय, एका माणसाने एका जेवणात आणि दिवसभरात किती घ्यावे, याचे प्रमाण. वय, कष्ट, प्रकृती आणि ऋतू यांप्रमाणे ते बदलते. शाकाहारी माणसाचे पोट सहसा उपाशी राहत नाही. अडचण येते ती वाटणीत. भात-पोळी वाढत जाते, वरण पातळ होत जाते, भाजी तोंडीलावण्यापुरती उरते आणि सणावाराला गोडाला हात सैल सुटतो. म्हणून शाकाहारात ‘किती खावे’ यापेक्षा ‘कशाचे किती खावे’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे या विषयासाठी चांगले उदाहरण आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र. नृसिंहसरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, असे परंपरा मानते. गावातले आणि यात्रेकरूंचे जेवण शाकाहारी. एका बाजूला माधुकरी, एकभुक्त, पारायणाचे नियम अशी खाण्याला आवर घालणारी मोठी परंपरा. दुसऱ्या बाजूला वाडीची प्रसिद्ध बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. भोवतीच्या मळ्यांत ऊस, गोठ्यांत म्हशी आणि बाजारात कृष्णाकाठची वांगी. संयम आणि सुबत्ता इतक्या जवळ नांदणारी गावे थोडी.

परंपरेतील मात्राविचार : वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा आठवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाचा आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. त्याच अध्यायातला दुसरा नियम जास्त उपयोगाचा असूनही कमी सांगितला जातो: पचायला जड पदार्थ अर्धी तृप्ती होईपर्यंतच घ्यावेत आणि हलके पदार्थसुद्धा तुडुंब खाऊ नयेत. म्हणजे मात्रा पदार्थागणिक वेगळी. एका वाटीचा नियम ताकाला आणि बासुंदीला सारखा लागू होत नाही.

धर्मसूत्रांनी घास मोजले. संन्याशाला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस आणि विद्यार्थिदशेतल्या ब्रह्मचाऱ्याला मोजमाप नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे घास मोजायचे नाहीत, ही त्यातली समज आजही पटते. शिरोळ तालुक्यात जैन समाजाची वस्ती मोठी आहे, आणि जैन आचारातही पुरुषाचा पुरता आहार बत्तीस घास व स्त्रीचा अठ्ठावीस घास मानला आहे. त्याहून कमी खाणे याला अवमौदर्य किंवा ऊनोदरी म्हणतात आणि बाह्य तपांत त्याची गणना होते. उपवासाच्या खालोखाल, पण रोज करता येणारे असे हे तप. दत्तभक्त आणि जैन या दोन शेजारी परंपरा गृहस्थाच्या बत्तीस घासांवर एकत्र येतात, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. मात्र घास मोजून एकूण अन्नाला आवर बसतो. त्या घासांत डाळीचे किती आणि भाताचे किती, हे त्यातून कळत नाही.

आजचे प्रमाण : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांतला आराखडा असा: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य-डाळींची वजने कच्च्या, न शिजवलेल्या पदार्थांची आहेत. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत असावी, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात भारतीय ताटात ती ५० ते ७० टक्के असते.

प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम धरली आहे. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. डाळीत जे कमी पडते ते धान्य पुरवते. म्हणून शाकाहारी ताटात धान्य, डाळ आणि दूध यांचे ३ : १ : २.५ हे प्रमाण सुचवले आहे. वरणभात, झुणका-भाकर, खिचडी-ताक या जोड्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. जोड्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बरोबर आहेत, त्यातला डाळीचा वाटा तेवढा घसरला आहे.

साध्या जेवणाचा हिशेब करून पाहावा. सकाळी पोहे, दोन्ही वेळा तीन-तीन पोळ्या आणि भात. पोळीला ३० ग्रॅम कणीक, एका वेळच्या भाताला ६० ग्रॅम तांदूळ, पोह्यांचे ५० ग्रॅम धरले, तर धान्यच ३५० ग्रॅम होते. हे जेवण कोणालाही जास्त वाटणार नाही, तरी बैठे काम करणाऱ्याला ते १०० ग्रॅमने जादा आहे. त्याच दिवशी दोन वेळच्या आमटीत माणशी मिळून जेमतेम ३० ग्रॅम डाळ गेलेली असते. दोन पोळ्या आणि थोडा भात कमी करून डाळ दुप्पट-तिप्पट केली, तर पोट तितकेच भरते आणि ताट सुधारते.

वाटी हे फसवे माप : मात्रा सांगताना ‘एक वाटी डाळ’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि घोळ तिथेच होतो. ३० ग्रॅम तुरीची डाळ मऊ शिजवून घोटली की एक वाटी दाट वरण होते. त्यात सहा ते सात ग्रॅम प्रथिन असते. तेवढ्याच डाळीत पाणी, चिंच-गूळ आणि मसाला घालून तीन वाट्या आमटी करता येते, आणि ती चवीला उत्तमही लागते. पण मग एका वाटीत दोन-सव्वादोन ग्रॅमच प्रथिन उरते. पुरणपोळीच्या दिवशीची कटाची आमटी तर मुळात डाळीच्या निथळलेल्या पाण्याची. भुरके मारून ती प्यावी, पण तिला डाळीच्या हिशेबात धरू नये. जुन्या स्वयंपाकघरात निळवे, कोळवे, चिपटे, मापटे अशी चढती मापे होती आणि ती कोरड्या धान्याची होती. शिजवण्याआधी मापायचे, ही पद्धत वाटीपेक्षा कितीतरी खरी आहे. माणशी दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य पातेल्यात पडले की नाही, एवढे घरच्या स्वयंपाकात एकदा वजन करून पाहिले की पुढे हाताला अंदाज येतो. सकाळी वरण, रात्री मटकीची उसळ आणि मधे एखादे धिरडे किंवा पिठले, इतक्याने ते भागते.

घेवड्याबद्दल वेगळे सांगायला हवे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात अमरापूरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आहे. भिक्षा न मिळाल्या दिवशी दारच्या घेवड्याच्या शेंगांवर ते कुटुंब गुजराण करी. श्रीगुरूंनी (नृसिंहसरस्वतींनी) त्यांच्याकडे तीच भाजी घेतली, जाताना वेल तोडला आणि पुढे मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडला. हे अमरापूर म्हणजे वाडीसमोर कृष्णेपलीकडचा औरवाडचा परिसर मानतात, आणि घेवड्याची भाजी दत्ताच्या नैवेद्यात आजही मानाची आहे. वेलावरचा हा घेवडा वालाच्या जातीचा असावा. आजचा श्रावणघेवडा मूळचा अमेरिका खंडातला आहे. मात्रेच्या दृष्टीने कोवळ्या शेंगा भाजीत मोडतात. १०० ग्रॅम शेंगांत तीन-चार ग्रॅमच प्रथिन असते. त्यांच्याच वाळलेल्या दाण्यांची उसळ केली, तर ती डाळीच्या खात्यात जाते. शेंगभाजी केली म्हणून वरण वगळू नये.

ताटाची मांडणी : मराठी ताट स्वतःच प्रमाण शिकवते. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद. डावीकडचे बोटाने चाखायचे, उजवीकडचे घासाला लावून खायचे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे असेल तर डावी बाजू अशीच आखडती हवी. कोशिंबीर मात्र डावीकडे बसून उगाच चमचाभर झाली आहे. काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात यांची वाटीभर कोशिंबीर उजवीकडे यायला हवी, नाहीतर दिवसाची ४०० ग्रॅम भाजी पुरी होणे कठीण आहे. वांग्याचे भरीत किंवा भरली वांगी हीही भरपूर वाढावीत. तेलाचा तवंग मात्र मोजावा लागतो, कारण २७ ग्रॅम म्हणजे दिवसभराचे जेमतेम सहा लहान चमचे, आणि पोळीवरचे तूपही त्यातच.

पंगतीतला आग्रह हा मात्रेचा जुना शत्रू. प्रेमाने वाढलेले नाकारू नये, ही शिकवण चांगली आहे. पण वाढणाऱ्याने विचारून आणि थोडे थोडे वाढावे, हीही त्याच शिकवणीची दुसरी बाजू आहे. पहिल्याच फेरीत कमी घेऊन पुन्हा मागणे हे पानात टाकण्यापेक्षा केव्हाही बरे, आणि प्रसादाच्या पंगतीत तर अधिकच.

बासुंदी आणि पेढे : म्हशीचे दूध आटवून निम्मे झाले की १५० मिलिलिटर बासुंदीत ३०० मिलिलिटर दूध येते. दिवसाचा दुधाचा सगळा वाटा त्या एका वाटीत संपतो. दुधाच्याच ३२० किलोकॅलरी होतात आणि साखर त्यावर वेगळी. बासुंदी हे रिकामे गोड नव्हे. त्यात कॅल्शियम आहे, प्रथिन आहे. वाडीला जाऊन ती खाऊ नये, असे कोणी सांगू नये. ज्या दिवशी बासुंदी, त्या दिवशी चहाचे दूध, दही आणि दुसरे गोड वगळावे, आणि जेवणानंतर नव्हे तर जेवणातच एक भात कमी करून ती घ्यावी. वाग्भटाचा अर्ध्या तृप्तीचा नियम इथे चपखल बसतो. पेढा आणि कवठाची बर्फी प्रसाद म्हणून कणभर खाण्याच्या वस्तू. डबा घरी आल्यावर येता-जाता उघडला जातो, तेव्हा त्यांची मात्रा सुटते.

पारायण व उपवास : गुरुचरित्राच्या सप्ताहात वाचणाऱ्याने हविष्यान्न घ्यावे असा नियम आहे: दूधभात, गव्हाची पोळी, तूप, साखर चालते; मीठ-तिखट, आंबट, दही, ताक वर्ज्य. निरोगी माणसाला सात दिवस याने अपाय नाही, पण या आहारात डाळ आणि भाजी जवळजवळ नाही, हे ध्यानात ठेवून दूध वाढवावे व भात-साखर बेताची ठेवावी. मधुमेह्याने हा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये. गुरुवारच्या उपवासाची कथा उलट आहे. ५० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचे कूट आणि १० ग्रॅम तूप यांची लहानशी बशीभर खिचडी ३७५ किलोकॅलरींच्या आसपास जाते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. दोन बश्या खाल्ल्या तर उपवास जेवणापेक्षा जड होतो. वरीचा भात, राजगिरा, ताक आणि एखादे फळ यांनी तोच उपवास हलका राहतो.

कष्ट व वय : बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि स्त्रीला १,६६० किलोकॅलरी लागतात, जड कष्ट करणाऱ्यांना अनुक्रमे ३,४७० व २,७२०. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की फडातल्या ऊसतोड मजुराला एका वेळी तीन भाकरी रास्तच आहेत. त्याच्या ताटात खर्ड्याबरोबर झुणका किंवा उसळ पुरेशी पडते का, हे पाहायला हवे. त्याच घरातला दुकानात बसणारा भाऊ तितक्याच भाकरी खातो, तेव्हा त्या अंगावर चढतात. कमी ऊर्जा लागणाऱ्याने धान्य, तेल आणि साखर यांत कपात करावी. डाळ, दूध आणि भाजी कमी करू नये. म्हातारपणी भूक मंदावते आणि माणसे चहा-बिस्किटे, दूधभातावर येतात. त्यांना मऊ मुगाचे वरण, घोटलेली पालेभाजी आणि ताक थोडे थोडे करून चार वेळा द्यावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला डाळ, दूध, पालेभाजी यांचा जादा वाटा हवा, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसण्याच्या रिवाजाने तो तिला मिळत नाही. तिचे पान आधी वाढावे. बी-१२ जीवनसत्त्व शाकाहारात जवळजवळ फक्त दूध-दह्यातून येते, तेव्हा दूध न पिणाऱ्याने ते तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना वर दिलेले डाळीचे प्रमाण लागू नाही. त्यांची मात्रा डॉक्टर ठरवतील ती.