चहाचा पेला आणि वार्धक्यातील स्मृती

झाशी जिल्ह्यातील गरौठा तहसील नकाशावर दूर दिसली, तरी महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. तिच्यातील गुरसराय येथे गोविंदपंत बुंदेल्यांच्या खेर घराण्याची एक शाखा नांदली. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असता १७६० मध्ये पंत मारले गेले. त्यांच्या पिढीतील वडीलधाऱ्यांना दूध, ताक, विडा ठाऊक होता. चहा ठाऊक नव्हता.

तो सामान्य घरांत यावयास दीड शतक लागले. आसामचा चहा १८३८ मध्ये लंडनला रवाना झाला आणि पुढेही बहुतांशी परदेशीच जात राहिला. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसला. त्या पैशातून पुढे देशातही चहाचा प्रचार झाला. तत्पूर्वी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. गंमत अशी, की त्या वादात चहाच्या गुणदोषांची चर्चाच नव्हती. तो कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता.

गुणदोषांचा विचार शास्त्रज्ञांनी केला. चहातील कॅफिन मनाला तरतरी आणते हे जुनेच ज्ञान. १९४९ मध्ये जपानी संशोधकांनी हिरव्या चहातून थिॲनिन वेगळे केले. २००६ मध्ये जपानातील सेंदाई येथील सत्तरीपुढच्या सुमारे एक हजार वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोन किंवा अधिक पेले हिरवा चहा घेणाऱ्यांत बुद्धिमांद्य कमी आढळले. दोन वर्षांनी सिंगापूरच्या चिनी वृद्धांत काळ्या चहाबाबतही तसेच दिसले.

परंतु येथे घाई नको. चहामुळे बुद्धी टिकली, की बुद्धी शाबूत असलेलाच माणूस चार मंडळींत चहाला जाऊन बसतो? अशा पाहणीतून त्याचा निकाल लागत नाही. शिवाय दूध-साखर घालून उकळलेला आपला चहा म्हणजे सेंदाईचा हिरवा चहा नव्हे. जेवणाबरोबर घेतल्यास तो अन्नातील लोह शोषू देत नाही आणि रात्री घेतल्यास म्हाताऱ्यांची आधीच हलकी असलेली झोप मोडतो.

याहून घातक आहे ती ‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण. साठीनंतर विसरणे हा जणू नियमच, असे ती घराला शिकवते. रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा मंदपणा यांमुळेही विस्मरण होते आणि वेळेवर औषध मिळाल्यास ते पुष्कळदा सुधारते. आजोबांनी आताच घेतलेला चहा पुन्हा मागितला, तर घरातील मंडळी हसतात. असे वारंवार घडू लागले, तर त्यांना वैद्याकडे न्यावयाचे असते.