ओस मतपेट्या आणि कायदेमंडळाचा अधिकार

1920 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत मुंबई शहरांतील मतदानाच्या जागीं सर्व सिद्धता झाली होती. अधिकारी होते, याद्या होत्या, मतपेट्याही होत्या; नव्हते ते मतदार. 1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या कायद्यान्वयें होणारी ही पहिलीच निवडणूक. परंतु शहरांतील मतदारांपैकीं शेंकडा दहांनींही मतें दिलीं नाहींत. लाहोर शहराचीही तीच कथा. तरीसुद्धां उमेदवार निवडून आले आणि 1921 च्या आरंभीं नवीं कायदेकौन्सिलें भरलीं. अशा कौन्सिलास लोकांच्या नांवानें बोलण्याचा अधिकार कोणीं दिला, हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांनीं विचारला. आणि आजही तो शिळा झालेला नाहीं.

मतपेट्या ओस पडल्या त्या लोकांच्या आळसामुळें नव्हे. 1919 च्या डिसेंबरांत अमृतसरच्या काँग्रेसमध्यें लोकमान्य टिळकांनीं प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला होता आणि 1920 च्या एप्रिलांत निवडणुका लढविण्यासाठीं काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाची घोषणाही केली होती. परंतु 1 ऑगस्ट 1920 रोजीं ते निवर्तले. सप्टेंबरांत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं कलकत्त्यास जादा अधिवेशन झालें व पंजाबांतील अत्याचार आणि खिलाफत यांच्या निषेधार्थ महात्मा गांधींचा असहकारितेचा ठराव मंजूर झाला. कौन्सिलांवरील बहिष्कार हें त्यांतील एक कलम होतें. टिळकांच्या अनुयायांना तें मनापासून रुचलें नव्हतें; तरीही राष्ट्रीय सभेची आज्ञा त्यांनीं शिरसावंद्य मानली. तेव्हां घरीं बसलेल्या मतदारानें आपलें मत दिलें नाहीं असें म्हणणें पुरतें खरें नाहीं. न जाणें हेंच त्याचें मत होतें.

येथें दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. मताचा हक्क तरी कितीजणांना होता? ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारें 24 कोटी. त्यांत प्रांतिक कौन्सिलांचे मतदार सुमारें 50 लाख, मध्यवर्ती असेंब्लीचे सुमारें 9 लाख आणि कौन्सिल ऑफ स्टेटचे तर अवघे 17 हजारांच्या आसपास. शेतसारा, कर किंवा मिळकत यांच्या मापानें मतदार ठरत असे. म्हणजे प्रत्येक मतदार पेटीपर्यंत आला असता तरी शंभर माणसांमागें दोघांचेंच मत त्यांत पडलें असतें. भूमिहीन मजूर, गिरणींतील कामगार, बहुतेक सारा अस्पृश्य समाज आणि स्त्रिया यांना बहिष्कार घालण्याइतकाही अधिकार नव्हता. जें त्यांच्या हातीं कधीं आलेंच नव्हतें, तें टाकून देण्याचा मोठेपणा त्यांनीं कोठून मिरवावा?

म्हणूनच सर्वांनीं बहिष्कार मानला नाहीं. मुंबई कौन्सिलांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखीव होत्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या प्रेरणेनें जागृत झालेल्या ब्राह्मणेतर पक्षाला ही संधि दवडणें परवडण्यासारखें नव्हतें. भास्करराव जाधव त्या कौन्सिलांत गेले. मद्रासेंत तर जस्टिस पक्षानें बहुमत मिळवून मंत्रिमंडळ बनविलें.

आतां या तुटपुंज्या मतांच्या मुंबई कौन्सिलानें काय केलें तें पाहूं. 1921 सालींच त्यानें स्त्रियांना मताचा हक्क दिला; मद्रास त्याच वर्षीं त्याच्या पुढें गेलें होतें. डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असतां 1923 सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आणि त्याच वर्षीं 4 ऑगस्टला सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता.

ज्या सभेमागें शहरांतील दहांत एकही मतदार उभा नव्हता, त्या सभेनें हा ठराव केला. तो म्हणून पोकळ ठरला काय? एका अर्थानें ठरला. महाडच्या नगरपालिकेनें 1924 सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें, पण पाण्याला हात लावण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. 5 ऑगस्ट 1926 रोजीं बोले यांना पुन्हां ठराव आणावा लागला. दुसऱ्या अर्थानें मात्र तो ठराव जिवंत होता. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधि अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हां त्यांच्या हातीं नैसर्गिक न्यायाबरोबर हा कायद्याचा आधारही होता. त्यांच्या अनुयायांवर हल्ला झाला, तळ्याची 'शुद्धि' झाली, दावे लागले आणि 1937 सालीं हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. ज्यांनीं बोले यांच्या ठरावाला तुच्छ मानलें, त्यांनीं मतदारांची संख्या मोजून तसें केलें नव्हतें. शंभर टक्के मतदान झालें असतें तरी त्यांनीं तेंच केलें असतें.

खुद्द बहिष्कार घालणाऱ्यांनींही कौन्सिलें कायमचीं त्याज्य मानलीं नाहींत. 1923 च्या जानेवारींत देशबंधु दास व मोतीलाल नेहरू यांनीं स्वराज्य पक्ष स्थापिला. वर्षअखेरच्या निवडणुकींत नरसिंह चिंतामण केळकर, विठ्ठलभाई पटेल असे पुढारी मध्यवर्ती असेंब्लींत गेले आणि 1925 सालीं विठ्ठलभाई तिचे अध्यक्ष झाले.

स्वतंत्र भारताच्या कायद्यांतही किमान मतदानाची अट नाहीं. 1983 सालीं आसामांत बहिष्कार व भीषण रक्तपात यांच्या छायेंत सुमारें एक तृतीयांश मतदारांनींच मतें दिलीं. सरकार बनलें, पण 1985 सालीं आसाम करार होऊन पुन्हां निवडणूक घ्यावी लागली. 1992 सालीं पंजाबांत सुमारें चतुर्थांशच मतदार आले. तें विधिमंडळ मात्र टिकलें आणि 1997 च्या निवडणुकींत लोक मोठ्या संख्येनें मतदानास परतले. कायदा एकच, गति भिन्न.

यावरून एवढें स्पष्ट होतें कीं, सनद आणि पत या दोन निराळ्या वस्तु आहेत. सनद कायदा देतो. दहा मतें पडलीं तरी ती खोटी होत नाहीं. पत लोक देतात. ती मतपेटींत न मिळाल्यास सभेला आपल्या कृतीनें कमवावी लागते. 1920 चें मुंबई कौन्सिल सनद घेऊन आलें, पण पतीवांचून आलें. त्यानें केलेला सर्वांत न्याय्य ठराव चार वर्षें दप्तरांत पडून राहिला, आणि ज्यांना मताचा हक्क बहुधा नव्हताच, अशा माणसांनीं चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून त्याला प्राण दिला. रिकाम्या मतपेटीकडे पाहतांना किती लोक आले नाहींत एवढेंच मोजून भागत नाहीं. ते कां आले नाहींत, आणि कोणाला येण्याचा मार्गच नव्हता, हेंही विचारावें लागतें.