गोव्याच्या राजधानीचे बिऱ्हाड

गोव्याची राजधानी पणजी, हे शाळकरी पोरही सांगेल. पण हे बिऱ्हाड पणजीत येण्याआधी निदान तीन ठिकाणी थाटून मोडले होते. पहिला ठाऊक पत्ता चांदरचा. आज लोक तिथे जातात ते जुने वाडे पाहायला. कुशावतीच्या काठी एकेकाळचे चंद्रपूर होते याची खूण म्हणून कोटाच्या भागात मुंडके नसलेला एक दगडी नंदी तेवढा उरला आहे.

अकराव्या शतकाच्या मध्याला इथल्या कदंब राजांनी मुक्काम हलवला, तो जुवारीकाठच्या गोपकपट्टणला. कारण उघड होते. चांदर समुद्रापासून आत, आणि कदंबांचा पैसा गलबतांवर. पहिल्या जयकेशीच्या काळात या बंदराचा दबदबा एवढा वाढला की त्याची लेक मयणल्लादेवी थेट गुजरातच्या चौलुक्यांची सून झाली. सिद्धराज जयसिंह तिचाच मुलगा. चौदाव्या शतकात उत्तरेकडून फौजा आल्या, शहर लुटले गेले. लुटलेले शहर पुन्हा उभे राहू शकते, गाळाने भरलेले बंदर मात्र नाही. जहाजांनी मांडवीचा रस्ता धरला आणि त्या काठचे एला हे गाव वाढू लागले. तेच आजचे जुने गोवे.

एला बहामनींकडून आदिलशाहीत आणि १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कच्या हाती गेले. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडच्या साऱ्या मुलखाची राजधानी कोचीनहून इथे आणली. मग चर्च, मठ, इस्पितळे, बाजार असे शहर नुसते फुगत गेले. त्याच्या नाशाचे मूळ मात्र पायाखालीच होते. तिथला जांभा सच्छिद्र. शौचकूपाचे पाणी झिरपत विहिरीत उतरायचे आणि तेच लोक प्यायचे. साथींमागून साथी आल्या. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयसुद्धा त्यातून सुटले नाहीत. ज्यांना परवडत होते ते नदीच्या उताराने पाणेली, रायबंदरकडे सरकू लागले. १६९५ मध्ये विजरईनेही पाणेलीत बस्तान हलवले.

त्याआधीच सरकारने एक मोठा घाट घातला होता. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांनी जुव्याचा किल्ला घेतला. तिथून राजधानी हाकेच्या अंतरावर. विजरई कोंदि द आल्व्होर एवढा हादरला की त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या हाती ठेवला. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठे मागे फिरले आणि शहर बचावले. श्रेय अर्थातच संताला मिळाले! विजरईने मात्र संतावर फार विसंबून न राहता राजधानी मुरगावच्या टेकाडावर न्यायचे ठरवले. जागा उत्तम होती : तीन बाजूंना पाणी, खाली खोल बंदर. बांधकाम सुरू झाले, हुकूम सुटले, पैसा ओतला गेला. लोक काही तिकडे जाईनात. शेवटी १७१२ मध्ये लिस्बनहूनच काम थांबवायचा आदेश आला.

पणजीसाठी असा हुकूम कुणी काढलाच नव्हता. दलदल, माडांची राने, कोळ्यांची घरे आणि नदीकाठी आदिलशहाचा जुना वाडा, एवढीच ती वस्ती. रायबंदरहून तिथे यायला १६३०च्या दशकात बांधलेला लांबलचक बांध होता, हीच काय ती सोय. १७५९ मध्ये विजरई कोंदि द एगा त्या आदिलशाही वाड्यात राहायला आला, आणि मागोमाग कारकून, वकील, दुकानदार. लिस्बनला हे पसंत नव्हते. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने १७७०च्या दशकात जुने शहर पुन्हा वसवायचे फर्मान धाडले. पैसा गेला, मजूर तापाने मेले, शहर रिकामेच राहिले. पुढे १८२७ ते १८३५ या काळात मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या विजरईने पणजीतली दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, तेव्हा ती शहरासारखी दिसू लागली. १८३५ मध्ये मठ बंद झाल्यावर जुन्या शहराचा उरलासुरला आधारही गेला. तिथल्या पडक्या इमारतींचे दगड पणजीच्या भिंतींना लागले.

या सगळ्या काळात कायद्याने राजधानी मात्र जुने गोवेच होती. पणजीला 'नोव्हा गोवा' म्हणजे नवे गोवे ठरवणारे राजपत्र निघाले ते १८४३ मध्ये. विजरई तिथे राहायला येऊन तेव्हा ८४ वर्षे उलटली होती. मुरगावला आधी हुकूम आला आणि माणसे आलीच नाहीत. इथे माणसे आली, हुकूम मागून रांगत आला. मला तरी यात लिस्बनच्या दिरंगाईपेक्षा पणजीकरांचा व्यवहारीपणा जास्त दिसतो.

पोर्तुगीज गेल्यावरही आदिलशहाच्या वाड्यात सचिवालय होते, विधानसभाही तिथेच भरत असे. २००० मध्ये विधानसभा मांडवी ओलांडून पर्वरीच्या पठारावर गेली. पुढे सचिवालयही तिकडेच गेले, उच्च न्यायालयाचे खंडपीठही. कागदावर राजधानी अजून पणजीच आहे.