मूत्रपिंडाची काचपट्टी वाचताना : मालपिघीपासून सुपेबेडापर्यंत



मूत्रपिंडाची रंगवलेली काचपट्टी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की बहुतेकांना गुलाबी वर्तुळे आणि जांभळे ठिपके एवढेच दिसते. पुस्तकातल्या आकृतीत मात्र एक सुबक नळी असते. ती केशिकांच्या गुच्छापासून निघते, वेटोळे घेते, खाली जाऊन पुन्हा वर येते. काचपट्टीवर ही नळी अखंड कुठेच सापडत नाही, कारण तुम्ही पाहता तो सुमारे ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा छेद असतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे ड्रॉइंगच्या तासाला सेक्शनल व्ह्यू शिकलेल्या मुलांना हे लगेच पटते : गुंडाळलेला पाइप आरपार कापला तर एकाच पाइपची दहा वर्तुळे दिसतात. मग कोणते वर्तुळ कोणत्या भागाचे? हे ठरवायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. तो इतिहास क्रमाने पाहिला तर ओळखीच्या खुणा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

१. मांस नव्हे, नळ्या (१६६२–१६६६)

सतराव्या शतकापर्यंत मूत्रपिंड म्हणजे घट्ट मांसाचा गोळा, अशी समजूत प्रचलित होती. १६६२ मध्ये इटलीतील पिसा येथे लोरेन्झो बेलिनी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मूत्रपिंड कापून दाखवले, की आत असंख्य बारीक नळ्या आहेत.

चार वर्षांनी, १६६६ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपिघी यांनी मूत्रपिंडाच्या धमनीत मद्यार्क मिसळलेला काळा द्रव भरला. तेव्हा रक्तवाहिन्यांच्या टोकांना लटकलेले गोल, काळे मणी दिसले. यांनाच पुढे मालपिघी पिंड म्हटले गेले. आजचा ग्लोमेरुलस तो हाच. मूत्र इथेच रक्तातून वेगळे होत असावे आणि मणी नळीला जोडलेला असावा, असा मालपिघींचा तर्क होता. पण तो जोड त्यांना दाखवता आला नाही.

काचपट्टीवरची पहिली खूण इथून घ्या. गोल मणी दिसले तर तो कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा भाग. एकही मणी नसेल आणि नळ्या समांतर असतील तर तो मेड्युला, म्हणजे आतला भाग.

२. जोड सापडला (१८४२)

पुढची पावणेदोनशे वर्षे हा जोड वादात राहिला. जुन्या भिंगांतून कडा रंगीत आणि अंधूक दिसत. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी हा दोष कमी करणाऱ्या भिंगरचनेचे तत्त्व मांडले आणि चांगले सूक्ष्मदर्शक हाती येऊ लागले.

१८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी मालपिघींप्रमाणेच धमनीतून रंगद्रव्य भरले. काही ठिकाणी दाबाने गुच्छातील केशिका फुटल्या, रंग गुच्छाभोवतीच्या पिशवीत उतरला आणि तिथून थेट नळीत वाहत गेला. गळतीनेच वाट दाखवली. पिशवी म्हणजे नळीचेच फुगलेले टोक आहे, हे सिद्ध झाले. तिला आपण बोमनचे संपुट म्हणतो. काचपट्टीवर गुच्छाभोवती दिसणारी पांढरी रिकामी फट म्हणजे या संपुटातील पोकळी. ती दिसली की गुच्छ ओळखण्यात चूक होत नाही.

मात्र बोमन यांचा समज होता, की गुच्छातून फक्त पाणी सुटते आणि बाकीचे पदार्थ नळीच्या पेशी आत सोडतात. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविग यांनी वेगळे मांडले : रक्ताच्या दाबाने गुच्छातून द्रव गाळला जातो आणि नळीत त्यातला बराच भाग परत शोषला जातो. रचना सर्वांना मान्य, पण कार्यावर मतभेद, अशी ही अवस्था ऐंशी वर्षे टिकली. १९२४ मध्ये अमेरिकेत जोसेफ वेअर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी बेडकाच्या संपुटात अतिसूक्ष्म काचनळी घालून थेंबभर द्रव काढला. त्यात साखर होती, मूत्राशयातल्या मूत्रात नव्हती. म्हणजे साखर गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली.

३. रंगांमुळे नळ्या वेगळ्या झाल्या

१८६२ मध्ये याकोब हेन्ले यांनी मेड्युलात उतरून परत वर येणारे हेअरपिनसारखे फाटे वर्णिले. त्यांचे काम काय, हे कळायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे गेली. खुलासा आला तोही वेर्नर कून या भौतिक-रसायनशास्त्रज्ञाकडून. शेजारून विरुद्ध दिशांना वाहणारे प्रवाह क्षारांची तीव्रता वाढवत नेतात, हे तत्त्व त्यांनी मांडले. काउंटर-करंट हीट एक्स्चेंजर शिकलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

याच काळात हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही रंगांची जोडी रूढ झाली. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके जांभळी होतात, इओसिनने पेशीद्रव गुलाबी. त्यामुळे नळ्यांमधले फरक डोळ्यांना दिसू लागले. ते कार्याशी जोडून असे लक्षात ठेवा :

• निकटस्थ नळी : शोषणाचे बहुतेक काम इथे होते. म्हणून पेशी मोठ्या आणि गडद गुलाबी. आतल्या कडेला ब्रशसारखी झालर, त्यामुळे पोकळी धूसर. ही नळी लांब असल्याने कॉर्टेक्समध्ये हिचेच छेद सर्वांत जास्त दिसतात.
• दूरस्थ नळी : पेशी लहान आणि फिक्या, झालर नाही. पोकळी स्वच्छ, आणि एका छेदात केंद्रके जास्त.
• हेन्लेच्या फाट्याचा पातळ भाग : भिंत चपट्या पेशींची. केशिकेशी गल्लत होते. आत रक्तपेशी दिसल्या तर ती केशिका समजा.
• संग्राहक नलिका : पेशी फिकट आणि दोन पेशींमधल्या सीमारेषा स्पष्ट.

४. ओळखण्याने काय साधते?

रायपूरमध्ये हा विषय शिकवताना सुपेबेडाचे नाव येतेच. देवभोग भागातले, ओडिशाच्या सीमेजवळचे हे छोटे गाव. आज ते गरियाबंद जिल्ह्यात आहे. २०१२ मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग रायपूर जिल्ह्यातच होता. गेल्या दोन दशकांत या गावातील अनेक माणसे मूत्रपिंडाच्या आजाराने दगावली. पाणी आणि माती तपासली गेली, डॉक्टरांची पथके गेली; कारणाबद्दल मात्र एकमत झालेले नाही. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतील उसाचे पट्टे आणि आंध्रमधील उद्दानम इथेही असाच, मधुमेह किंवा जुना रक्तदाब नसलेल्या शेतकरी-मजुरांना होणारा आजार नोंदला गेला आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न काचपट्टीला विचारला जातो : आधी बिघडले काय, गुच्छ की नळी? मधुमेहात गुच्छ बिघडतो आणि मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. श्रीलंकेतील रुग्णांच्या बायोप्सीत मात्र मुख्य इजा नळ्यांना आणि त्यांच्या मधल्या जागेला झालेली दिसली. अशा आजारात सुरुवातीला प्रथिने फारशी जात नाहीत, त्यामुळे साध्या मूत्रतपासणीत तो निसटतो आणि माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर होतो. आक्रसलेली नळी आणि निरोगी नळी यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला हा आजार काचपट्टीवर असूनही दिसणार नाही. सुईने काढलेल्या बायोप्सीत मोजके गुच्छ येतात. तेवढ्यावरून सुमारे दहा लाख नेफ्रॉन असलेल्या मूत्रपिंडाबद्दल मत द्यायचे असते. म्हणून प्रत्येक वर्तुळाची ओळख अचूक हवी.

आज आमचे विद्यार्थी संगणकाला हेच गुच्छ मोजायला शिकवतात. पण संगणकाला दाखवायच्या चित्रांवर नावे माणसानेच लिहायची असतात. तिथे दूरस्थ नळीला निकटस्थ म्हटले, तर यंत्र ती चूक हजारो वेळा निमूटपणे करत राहील.

स्वाध्याय

१. मालपिघींना जो जोड दाखवता आला नाही तो बोमन यांना का दाखवता आला? साधन आणि पद्धत या दोन्ही अंगांनी लिहा.
२. कॉर्टेक्सच्या एका दृश्यक्षेत्रात निकटस्थ आणि दूरस्थ नळ्यांचे छेद मोजा. निकटस्थ नळ्यांचे छेद जास्त का येतात, ते स्पष्ट करा.
३. गुच्छ शाबूत पण नळ्या आक्रसलेल्या, अशा काचपट्टीवरून रुग्णाच्या मूत्रतपासणीबद्दल काय अपेक्षा कराल?