पाहुण्या कंठांची वहिवाट

ज्याच्या नावावर तबकडी निघते त्यानेच ती गाइली पाहिजे, हा दंडक ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या त्रिकुटाने फारसा मानला नाही. १९९४ साली निघालेल्या ‘प्रोटेक्शन’ या त्यांच्या दुसऱ्या संग्रहाचे शीर्षकगीत त्यांनी ट्रेसी थॉर्न या गायिकेच्या संथ, किंचित उदास कंठाच्या हवाली केले, आणि अन्यत्र गायिका निकोलेट व जमैकाचे मुरलेले रेगे गायक हॉरेस अँडी यांना पाचारण केले. ही वहिवाट मूळची जमैकाची. किंग्स्टनच्या वस्त्यांत अजस्र ध्वनिक्षेपकांचा ताफा मांडून तबकड्या वाजविणारे ‘साउंड सिस्टिम’वाले असत, आणि पुढे तबकडीच्या दुसऱ्या बाजूस त्याच गीताचे गायनरहित रूप छापण्याचा प्रघात पडताच, त्या मोकळ्या तालावर कोणीही येऊन आपले शब्द पेरावेत, अशी जणू सनदच मिळाली. महायुद्धोत्तर काळात जमैकन कुटुंबांनी हा सरंजाम ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स मोहल्ल्यात आणला. तेथेच १९८० नंतरच्या दशकात ‘वाइल्ड बंच’ हा ताफा नावारूपास आला, त्रिकुट त्यातलेच, आणि ‘प्रोटेक्शन’च्या निर्मितीत सहभागी असलेले नेली हूपरही त्यातलेच. गयानात जन्मलेल्या मॅड प्रोफेसर यांनी १९९५ साली याच संग्रहाची ‘नो प्रोटेक्शन’ ही ‘डब’ आवृत्ती, म्हणजे ताल पुढे आणून प्रतिध्वनींनी नव्याने घडविलेले रूप, काढून पाहुण्यांचे कंठ प्रतिध्वनींत पार विरघळवून टाकले; मूळ संग्रहापेक्षा मला तीच अधिक सरस वाटते.